सर्व्हर बंद पडतो तेव्हा वचन कोणाचे मोडते? खामगावच्या रेल्वेपासून सरकारी क्लाउडपर्यंत

१/
जुलै २०१७. महाराष्ट्र शासनाने जाहीर केलेल्या ३४,०२२ कोटी रुपयांच्या शेतकरी कर्जमाफीचे ऑनलाइन अर्ज २४ जुलैपासून सुरू झाले. खरीप पीक विम्याची मुदत ३१ जुलैला संपत होती. म्हणजे त्याच आठवड्यात, त्याच गावातल्या त्याच सेवा केंद्रावर, एकाच शेतकऱ्याला दोन अर्ज भरायचे होते. राज्यभर केंद्रांपुढे रांगा लागल्या. आत बसलेल्या चालकाच्या तोंडी दिवसभर दोनच शब्द होते : ‘सर्व्हर डाऊन’.

२/
हे दोन शब्द आता इतके परिचित झाले आहेत की त्यामागे कोणाचे तरी वचन मोडले गेले, हे लक्षातही येत नाही. पण सरकारला संगणकीय सेवा पुरवणारी संस्था करारात एक आकडा लिहून देते. महिन्यातील किती टक्के वेळ यंत्रणा चालू राहील, बिघाड झाल्यास किती तासांत दुरुस्त होईल, न झाल्यास किती रक्कम कापली जाईल, हे त्यात ठरलेले असते. याला सेवास्तर करार, किंवा व्यवहारात ‘एसएलए’, म्हणतात. हा करार काय आहे आणि त्यात शेतकरी कुठे आहे, हे समजण्यासाठी वऱ्हाडातच दीडशे वर्षे मागे जावे लागते.

३/
१७ ऑगस्ट १८४९. लंडनमध्ये ईस्ट इंडिया कंपनी आणि ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वे, म्हणजेच ‘जीआयपी’, यांच्यात करार झाला. सरकारने रेल्वेसाठी जमीन विनामूल्य द्यायची आणि कंपनीच्या भांडवलावर दरसाल ५ टक्के व्याजाची हमी घ्यायची. त्या बदल्यात कंपनीने टपाल फुकट आणि सैन्य सवलतीच्या दराने वाहायचे. नफा ५ टक्क्यांहून कमी झाला तर तूट सरकारी तिजोरीतून भरून द्यायची. ही तिजोरी भरत होती मुख्यतः जमीन महसुलातून.

४/
या कराराकडे आजच्या भाषेत पाहावे. पुरवठादार खासगी आहे, ग्राहक सरकार आहे, सेवा सार्वजनिक आहे. टक्केवारीही आहे, पण ती उलट दिशेची : सेवेच्या दर्जाची हमी पुरवठादाराने दिलेली नसून पुरवठादाराच्या नफ्याची हमी सरकारने दिलेली आहे. खर्च वाढला तरी व्याज बुडत नसल्यामुळे काटकसरीचे कारणच उरले नाही. दादाभाई नवरोजी आणि रमेशचंद्र दत्त यांनी या पद्धतीवर कठोर टीका केली ती याच मुद्द्यावर. तिसऱ्या वर्गाच्या डब्यातून जाणारा प्रवासी आणि कापसाच्या गाठी पाठवणारा शेतकरी या दोघांचाही करारात पक्ष नव्हता.

५/
बोरीबंदर ते ठाणे ही पहिली गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली. पुढच्याच महिन्यात निजामाशी झालेल्या तहाने वऱ्हाड इंग्रजांच्या कारभाराखाली आले. कारण होते निजामाच्या नावावर चढलेले फौजेच्या खर्चाचे कर्ज. आजच्या बुलढाणा जिल्ह्याचा बहुतेक भाग या ‘हैदराबाद असाइन्ड डिस्ट्रिक्ट्स’मध्ये होता. येथील काळ्या मातीतील कापूस मँचेस्टरला हवा होता. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेत यादवी युद्ध पेटले, तेथील कापूस अडला आणि वऱ्हाडच्या कापसाला अभूतपूर्व भाव आला.

६/
भुसावळहून निघालेला जीआयपीचा फाटा मलकापूर, नांदुरा, जलंब, शेगाव करीत पुढे सरकला आणि १८६७ मध्ये नागपूरला पोचला. खामगावचा मोठा कापूस बाजार मात्र रुळापासून सुमारे ८ मैल दूर राहिला. जलंब ते खामगाव हा तुकडा १८७० मध्ये सुरू झाला, तो हमीच्या भांडवलातून नव्हे, सरकारी खर्चातून. १८६९ च्या आरंभी गव्हर्नर जनरल लॉर्ड लॉरेन्स याने हमी पद्धतीविरुद्ध आपले मत नोंदवले होते आणि सरकारने स्वतः रेल्वे बांधण्याचे धोरण आकार घेत होते. खामगावचा छोटा फाटा त्या धोरणाच्या पहिल्या उदाहरणांपैकी एक आहे. गाड्या चालवण्याचे काम मात्र जीआयपीकडेच राहिले.

७/
१८४९ च्या करारात आणखी एक कलम होते. पंचवीस किंवा पन्नास वर्षांनी सरकारला रेल्वे विकत घेण्याचा हक्क होता. पण १८७० च्या सुमारास, वाढीव नफ्यातील निम्म्या वाट्याच्या बदल्यात, सरकारने पंचविसाव्या वर्षीचा हक्क सोडून दिला. परिणामी जीआयपी सरकारी मालकीची झाली ती थेट १९०० मध्ये आणि तिचा कारभार प्रत्यक्ष हाती आला १९२५ मध्ये. करारातून बाहेर पडण्याची वाट एकदा बुजवली की ती पुन्हा मोकळी व्हायला पिढ्या जातात. हा मुद्दा पुढे क्लाउडच्या संदर्भात पुन्हा येईल.

८/
त्याच काळात वऱ्हाडात दुसरेही एक वचन दिले जात होते, आणि ते थेट शेतकऱ्याला होते. १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या धर्तीवर रयतवारी मोजणी सुरू झाली. शेताला सर्व्हे नंबर मिळाला, हद्दीला दगड लागले, प्रत्येक क्रमांकावर आकार ठरला आणि तो तीस वर्षे वाढणार नाही, असे सरकारने मान्य केले. या पद्धतीत दोष होते. पीक बुडाले तरी रोख आकार भरावाच लागे, आणि १८९९-१९०० च्या दुष्काळात त्याची झळ वऱ्हाडने सोसली. तरीही वचनाची रचना पाहण्यासारखी आहे : ते कोणाला दिले ते स्पष्ट होते, आकडा रयतेला माहीत होता आणि हद्दीचा दगड शेताच्या बांधावरच होता.

९/
एकाच प्रदेशात, एकाच दोन दशकांत, दोन प्रकारची वचने दिसतात. पहिले सरकार आणि कंपनी यांच्यातले, दूर लंडनमध्ये मोजले जाणारे. दुसरे सरकार आणि रयत यांच्यातले, गावात मोजता येणारे. कोणत्याही सेवेच्या हमीला तीन प्रश्न विचारावेत, असे या इतिहासातून सुचते. वचन कोणाला दिले? ते कुठे उभे राहून मोजले जाते? मोडले तर भरपाई कोणाच्या हाती पडते? आता हेच तीन प्रश्न घेऊन एकविसाव्या शतकात यावे.

१०/
सेवास्तराची शिस्त संगणकाच्या जगात सावकाश घडली. मोठे संगणक भाड्याने वापरणाऱ्या संस्थांना यंत्र किती वेळ उपलब्ध असेल, हे आधी ठरवून घ्यावे लागे. १९८० च्या दशकाच्या अखेरीस ब्रिटिश सरकारच्या ‘सेंट्रल कॉम्प्युटर अँड टेलिकम्युनिकेशन्स एजन्सी’ने माहिती तंत्रज्ञान सेवांच्या व्यवस्थापनाची मार्गदर्शक पुस्तके तयार केली. ‘आयटीआयएल’ या नावाने ती जगभर गेली आणि सेवास्तराचे व्यवस्थापन हा त्यातील एक ठळक विषय होता. म्हणजे ही कल्पना प्रमाण स्वरूपात मांडण्यात एका सरकारी खात्याचाच मोठा वाटा आहे.

११/
क्लाउड म्हणजे स्वतःचे यंत्र विकत न घेता दुसऱ्याच्या डेटा सेंटरमधील संगणकशक्ती गरजेप्रमाणे वापरणे आणि वापराप्रमाणे पैसे देणे. ऑक्टोबर २००८ मध्ये अमेझॉनने आपल्या ‘ईसी-टू’ या संगणक सेवेसाठी ९९.९५ टक्के उपलब्धतेचे वचन जाहीर केले. ते पाळले गेले नाही तर ग्राहकाच्या बिलात सूट, अशी तजवीज होती. तेव्हापासून ‘किती नऊ?’ हा या व्यवसायातला नेहमीचा प्रश्न झाला : ९९, ९९.९, की ९९.९९?

१२/
हे आकडे तासांत उतरवले की त्यांचा अर्थ कळतो. तीस दिवसांच्या महिन्यात ७२० तास असतात. ९९ टक्के उपलब्धतेत ७ तास १२ मिनिटे बंद राहण्याची मुभा मिळते. ९९.५ टक्क्यांत ३ तास ३६ मिनिटे. ९९.९ टक्क्यांत सुमारे ४३ मिनिटे. ९९.९९ टक्क्यांत जेमतेम सव्वाचार मिनिटे. दशांश चिन्हापुढचा प्रत्येक नऊ महाग असतो, कारण त्यासाठी दुसरे डेटा सेंटर, दुसरी वीजजोडणी आणि रात्रपाळीची माणसे लागतात. शिवाय पूर्वसूचना देऊन केलेली देखभाल बहुधा या हिशेबात धरली जात नाही.

१३/
भारतात या विचाराला मोठे बळ मिळाले ते १८ मे २००६ रोजी मंजूर झालेल्या राष्ट्रीय ई-गव्हर्नन्स योजनेमुळे. राज्याचे डेटा सेंटर, राज्यभर पसरलेले जाळे आणि गावातील सेवा केंद्र, असे तिचे तीन आधार होते. फेब्रुवारी २०१४ मध्ये केंद्र सरकारने ‘मेघराज’ उपक्रमाखाली राष्ट्रीय क्लाउड सुरू केला. पुढे खासगी पुरवठादारांनाही तपासणी करून सरकारी यादीत घेण्यात आले. सरकारी माहिती भारतातच राहावी, ही त्यातील महत्त्वाची अट. जानेवारी २०१८ मध्ये महाराष्ट्राने क्लाउडविषयीचे स्वतंत्र धोरण जाहीर केले.

१४/
अशा सरकारी करारांत उपलब्धतेखेरीज इतर मोजमापेही असतात. बिघाडाची तीव्रता किती आणि त्यानुसार प्रतिसाद किती मिनिटांत हवा? मोठ्या आपत्तीनंतर यंत्रणा किती तासांत पुन्हा उभी राहिली पाहिजे? परत मिळालेली माहिती बंद पडण्याच्या किती आधीची असली तर चालेल? आणि करार संपल्यावर सगळी माहिती वापरण्याजोग्या स्वरूपात परत देऊन दुसऱ्या पुरवठादाराकडे जाण्यास मदत कशी केली जाईल? शेवटचा मुद्दा दुर्लक्षित राहिला तर काय होते, ते जीआयपीच्या पंचविसाव्या वर्षाने दाखवून दिले आहे. रूळ विकत घेता येतात, पण स्वतःची कागदपत्रे दुसऱ्याच्या यंत्रात अडकली की सुटका अवघड असते.

१५/
१८४९ च्या तुलनेत प्रगती मोठी आहे, यात शंका नाही. हमीची दिशा पालटली आहे. आता नफ्याची हमी सरकार देत नाही, दर्जाची हमी पुरवठादार देतो. पण पहिल्या प्रश्नाचे उत्तर पूर्वीचेच राहिले. करार दोघांतच आहे : पुरवठादार आणि शासन. हमी मोडली तर दंड बिलातून कापला जातो आणि ती रक्कम तिजोरीत राहते. रांगेत उभा असलेला शेतकरी त्या कागदावर तेव्हाही नव्हता, आजही नाही.

१६/
दुसरा प्रश्न मोजण्याच्या जागेचा. उपलब्धता बहुधा डेटा सेंटरच्या दाराशी मोजली जाते. तेथून सातपुड्याच्या पायथ्याच्या संग्रामपूर तालुक्यातील एखाद्या केंद्रापर्यंत मधे अनेक कड्या असतात : सर्व्हर, मुख्य जाळे, गावापर्यंतची जोडणी, वीज आणि अंगठ्याचा ठसा घेणारे यंत्र. या पाचही कड्या स्वतंत्रपणे ९९ टक्के वेळ चालतात असे धरले, तरी पाचही एकाच वेळी चालू असण्याचे प्रमाण उरते सुमारे ९५ टक्के. म्हणजे महिन्याला जवळपास ३५ तास काम ठप्प. प्रत्येक कडीचा अहवाल उत्तम असतो, आणि तरीही गावात काम होत नाही.

१७/
शिवाय सरासरीला तारीख कळत नाही. समजा ९९.५ टक्क्यांचा करार आहे आणि पीक विम्याचे संकेतस्थळ जुलैभर अखंड चालून ३१ तारखेला दुपारी बारा ते साडेतीन बंद पडले. ३१ दिवसांच्या महिन्यात मुभा ३ तास ४३ मिनिटांची आहे. कागदावर वचन पूर्ण पाळले गेले. पण शेतकऱ्याच्या दृष्टीने महिन्यातील सगळे तास सारखे नसतात. पेरणी उलगडल्यावर, हाती पैसा आल्यावर, मुदत संपण्याच्या आदल्या दोन-तीन दिवसांतच तो केंद्रावर येतो. सर्व्हरवर सर्वांत जास्त ताणही तेव्हाच असतो. त्यामुळे बिघाडाची शक्यता आणि बिघाडाची किंमत एकाच दिवशी शिखर गाठतात.

१८/
वऱ्हाडात तीस वर्षांच्या आकाराचे वचन थेट रयतेला होते. तसे थेट वचन या काळातही दिले गेले आहे. मध्य प्रदेशाने २०१० मध्ये लोकसेवा हमीचा कायदा केला. महाराष्ट्रात २८ एप्रिल २०१५ पासून लोकसेवा हक्काचा अंमल सुरू झाला. अधिसूचित सेवा ठरलेल्या दिवसांत मिळणे हा नागरिकाचा हक्क झाला. त्यासाठी पदनिर्देशित अधिकारी, खात्यातच दोन अपिले आणि त्यानंतर लोकसेवा हक्क आयोग, अशी उतरंड आहे. दोषी अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. ही नागरिकाच्या नावाने लिहिलेली हमी आहे.

१९/
मग दोन्ही वचने एकमेकांना भेटतात कुठे? येथेच खरी अडचण आहे. कायद्यातील हक्क कायदेशीर, तांत्रिक आणि आर्थिक व्यवहार्यतेच्या अधीन आहे. ‘तांत्रिक’ या एका शब्दातून सर्व्हर आत येतो. दुसरे असे की दिवसांची मोजणी अर्ज दाखल झाल्यापासून सुरू होते. संकेतस्थळ बंद असेल तर अर्जच दाखल होत नाही. अर्ज नाही म्हणून पावती नाही, पावती नाही म्हणून मुदत सुरू झाली नाही, आणि मुदतच सुरू झाली नाही म्हणून अपीलही नाही. नागरिकाचे वचन बिघडलेल्या दारापाशीच थांबते. त्या दाराची हमी ज्या करारात आहे, त्यात नागरिक पक्षकार नाही.

२०/
या पोकळीत एक तिसरा उपाय रूढ झाला आहे : मुदतवाढ. २०१७ मध्ये पीक विम्याची मुदत ५ ऑगस्टपर्यंत वाढवली गेली, कर्जमाफीच्या अर्जांची १५ सप्टेंबरची मुदत २२ सप्टेंबरपर्यंत गेली. २०२३ मध्ये एक रुपयात पीक विमा सुरू झाला तेव्हाही ३१ जुलैची तारीख ३ ऑगस्ट झाली. शेतकऱ्याच्या हाती पडणारी प्रत्यक्ष भरपाई म्हणावी तर हीच. पण ती हक्काने मिळत नाही. ओरड किती झाली आणि निर्णय किती वेळात झाला, यावर ती ठरते. कोणत्याही करारात ‘बंद राहिलेले तास अर्जदाराच्या मुदतीत आपोआप मिळवावेत’ असे वाक्य घालणे तांत्रिकदृष्ट्या मुळीच अवघड नाही. बंद राहिल्याची नोंद यंत्रणेकडे मिनिटांसह असतेच. दंड मोजण्यासाठी ती वापरली जाते, तर मुदत मोजण्यासाठीही वापरता येईल.

२१/
१ मे २०१८ रोजी डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा सुरू झाला. १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी स्वतः मोबाइलवरून आपले पीक नोंदवू लागला. तलाठ्याच्या, किंवा वऱ्हाडात अजूनही म्हणतात त्या पटवाऱ्याच्या, दप्तरातली नोंद आता क्लाउडमध्ये आहे. खेपा वाचल्या, अडवणूक कमी झाली, हे नाकारता येणार नाही. पण त्यामुळेच हमीचा प्रश्न अधिक गंभीर झाला. पूर्वी पटवारी रजेवर असला तर एका सजाचे काम अडायचे. आता सर्व्हर रजेवर गेला तर सगळ्या राज्याचे अडते.

२२/
१८४९ च्या करारातील ५ टक्के शेतकऱ्याला कधी दिसले नाहीत, पण महसुलातून त्याने ते भरले. आजच्या करारातील ९९.५ टक्केही त्याला दिसत नाहीत, पण उरलेला अर्धा टक्का त्याच्याच रांगेत जातो. प्रत्येक सेवा केंद्राच्या भिंतीवर सेवांचे दर लावलेले असतात. त्याच्या शेजारी या महिन्यात यंत्रणा किती तास बंद होती आणि त्यापोटी मुदत किती वाढली, हे लिहिलेले दिसू लागेल, त्या दिवशी हा करार बुलढाण्याच्या शेतकऱ्यापर्यंत पोचला असे म्हणता येईल.